आमच्या ग्रंथालयाचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत नाही

सार्वजनिक ग्रंथालयाने वर्षभरात कोणते कार्यक्रम घ्यावेत, याची यादी आता जवळजवळ ठरून गेलेली आहे. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जयंतीनिमित्त मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन, १२ ऑगस्टला ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांच्या स्मरणार्थ ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन आणि १४ ते २० नोव्हेंबर राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह. प्रतिमेला हार घालायचा, मागचा फलक वाचता येईल असे छायाचित्र काढायचे आणि ते वार्षिक अहवालाला जोडायचे. ज्या ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर मी बऱ्याच वर्षांपासून आहे, तेथेही ही यादी भिंतीवर लावलेली आहे आणि आम्ही ती निष्ठेने पाळतो. परंतु हजेरीची नोंदवही आणि पुस्तकांची देवघेव नोंदवही शेजारी ठेवून पाहिली, की त्या यादीचा आणि वाचकांच्या येण्याजाण्याचा फारसा संबंध नाही हे लगेच कळते. आमच्याकडे लोक ग्रंथालयात केव्हा येतील, हे धान ठरवते, नाटक ठरवते, ऊन ठरवते आणि अलीकडे वाघही ठरवू लागला आहे.

आमचे गाव चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर भागात, ब्रह्मपुरी आणि नागभीड यांच्या पट्ट्यात आहे. पूर्वेला वैनगंगा, तिच्या पलीकडे गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, आणि अलीकडे जंगल, बांध्या म्हणजे बांध घातलेली धानाची शेते, व मालगुजारांच्या काळातले माजी मालगुजारी तलाव यांचा एकमेकांत गुंतलेला प्रदेश. विदर्भ म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर कापूस आणि काळी माती येते, पण हा धानाचा मुलूख आहे, आणि याला झाडीपट्टी म्हणतात. ग्रंथालयाची इमारत म्हणजे दोन खोल्या, एक लांब पडवी आणि मागे हातपंप. शासनाच्या वर्गवारीत वर्ग 'ब'. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला, पण त्यात काही राज्यांप्रमाणे ग्रंथालय कर बसवलेला नाही, त्यामुळे आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये ही शासनाची कार्यालये नसून गावकऱ्यांनी नोंदवलेल्या आणि शासनाच्या सहायक अनुदानावर चालणाऱ्या संस्था आहेत. ही गोष्ट अनेक सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. पंखा बंद पडला तर 'सरकार काय करते' असे ते विचारतात, आणि मग पंखा कार्यकारिणीतल्या कोणाच्या तरी घरचा येतो.

आमचे खरे वर्ष मृगाच्या पावसाने सुरू होते. उर्वरित महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, तर विदर्भात उन्हामुळे त्या जूनच्या अखेरीस उघडतात; तोवर बांध्यांमध्ये पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, टाकलेले असतात आणि जुलै लागला की ती लावण्याची, म्हणजे रोवणीची, धांदल सुरू होते. चिखलणी झालेल्या बांधीत दिवसभर वाकून रोवा लावणाऱ्या माणसाने संध्याकाळी कादंबरी बदलायला यावे, ही अपेक्षा करणेच गैर आहे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून पोळ्याच्या अलीकडेपर्यंत देवघेव नोंदवहीची पाने भरता भरत नाहीत. बारा ऑगस्टचा ग्रंथपाल दिन नेमका या काळात येतो. त्या दिवशी ग्रंथपाल ताई, शिपाई, कार्यकारिणीचे दोन सदस्य आणि पावसामुळे अडकलेले एखादे पाहुणे एवढ्यांच्या उपस्थितीत रंगनाथनांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे वाचली जातात. चार दिवसांनी येणाऱ्या १६ ऑगस्टला मात्र पाऊस असला तरी माणसे जमतात. १९४२ साली याच दिवशी, नागपंचमीला, आमच्या शेजारच्या चिमूरमध्ये उठाव झाला होता आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तापलेले वातावरण त्यामागे होते, हे इथल्या म्हाताऱ्या माणसांनी आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकलेले आहे. त्या दिवसाच्या आठवणी लिहून ठेवण्याचा प्रस्ताव दर वर्षी येतो. तो कोणी पुरा करीत नाही, याची खंत मी इथे नोंदवून ठेवतो.

पावसाळ्यात कपाटांकडे लक्ष देण्याला सवड मिळते, आणि ते द्यावेच लागते. आमच्या इमारतीची पश्चिमेकडील भिंत ओल धरते. तिच्याकडे टेकवलेल्या कपाटात एका पावसाळ्यात वाळवीने खालच्या फळीवरच्या चरित्रग्रंथांचा तळ असा काही कोरला, की वरून पाहिले तर पुस्तके ओळीने शिस्तीत उभी होती आणि उचलायला गेले तर हातात नुसते कव्हर आले. तेव्हापासून कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेली असतात, पायांखाली विटा असतात, कडुनिंबाचा वाळलेला पाला दर श्रावणात बदलला जातो आणि उघडीप मिळाली की पुस्तके पडवीत पसरली जातात. पडवीत, उन्हात नव्हे. थेट उन्हात डिंक सुटतो आणि कागद पिवळा पडतो, हे ताई येणाऱ्या प्रत्येक मदतनिसाला आधी सांगतात.

या मंदीच्या महिन्यांत एका प्रकारच्या पुस्तकांना मात्र मागणी असते, आणि ती पुस्तके एकेकटी वाचली जात नाहीत. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत बौद्ध विहारांत वर्षावास पाळला जातो आणि त्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या मराठी अनुवादाचे रोज संध्याकाळी क्रमाने वाचन होते. त्याच महिन्यांत देवळांत चातुर्मासाच्या पोथ्या लागतात आणि गुरुदेव सेवा मंडळांत तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेचे अध्याय लावले जातात. ग्रामगीतेचे अध्याय ४१; रोज एक धरला तर वाचन दीड महिन्याच्या आत संपायला हवे, पण रोवणीत खंड पडतो आणि ते दसऱ्यापर्यंत लांबते. वाचणाऱ्या बहुतेक स्त्रिया असतात. त्यांच्या आग्रहावरून आम्ही या ग्रंथांच्या मोठ्या अक्षरांतील प्रती घेतल्या, कारण विहारातल्या एका दिव्याखाली, दिवसभराच्या थकल्या डोळ्यांनी बारीक टाइप वाचता येत नाही. या प्रती परत येतात तेव्हा त्यांना खाकी कागदाचे नवे वेष्टन चढलेले असते, मध्ये मोरपीस किंवा पिंपळाचे पान खूण म्हणून ठेवलेले असते, पानांच्या कडांना उदबत्तीचा वास असतो. नियमाप्रमाणे पंधरा दिवसांनंतर विलंब शुल्क लावायला हवे. वर्षावासात आणि चातुर्मासात ते लावायचे नाही, असा ठराव आमच्या कार्यकारिणीने फार पूर्वी केलेला आहे आणि आजवरच्या सर्व ठरावांत तोच सर्वांत शहाणपणाचा ठराव आहे, असे माझे मत आहे.

पोळ्याच्या सुमारास रोवणी आटोपलेली असते. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन मुले गावभर फिरतात आणि ग्रंथालयाच्या पडवीतही येतात. तेथे त्यांना बोजारा म्हणून पैशांऐवजी एकेक गोष्टीचे पुस्तक देण्याची प्रथा आम्ही सुरू केली. मुलांना ते प्रारंभी फारसे रुचले नाही, हे सांगितले पाहिजे. पैसे देणाऱ्या घरांकडे ती आधी जात आणि आमच्याकडे शेवटी. आता पुस्तकासोबत खाऊही असतो आणि तक्रार राहिलेली नाही. याच दिवसांत शेतकरी मंडळी मोबाइल घेऊन येतात. ई-पीक पाहणीची नोंद करणे, पुढे आधारभूत खरेदी केंद्रावर धान देण्यासाठी सातबारा आणि बँकखात्याचा तपशील भरणे, या कामांत अभ्यासिकेत भरतीच्या परीक्षांची तयारी करणारी मुले त्यांना मदत करतात. ग्रंथालयाने ही कामे करावीत का, असा आक्षेप एका ज्येष्ठ सदस्यांनी एकदा सभेत घेतला होता. त्यावर दुसरे सदस्य एवढेच म्हणाले की, फॉर्म भरायला आलेला माणूस रांगेत बसल्या बसल्या वर्तमानपत्र वाचतो, आणि त्याला एरवी आपण कसे बोलावले असते?

दसऱ्याला आमची ग्रंथखरेदी होते, आणि ती नागपूरला होते. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय लोटतो आणि त्या गर्दीत पुस्तकांची जी दुकाने लागतात, तेवढी पुस्तके एका ठिकाणी आमच्यासारख्या गावातल्या माणसाला वर्षभरात दुसरीकडे पाहायला मिळत नाहीत. डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली, त्यामुळे आमच्या गावातली कुटुंबे एक वर्ष इकडे आणि एक वर्ष तिकडे अशी जातात. जाणाऱ्यांच्या हाती आम्ही यादी देतो. पण यादीबाहेरचीही पुस्तके येतात, आणि देणगी म्हणून दाखल नोंदवहीत चढतात. कोणी घरी दोन प्रती झाल्या म्हणून देतो, कोणी वडिलांच्या नावाने देतो. भाकरी बांधून, रात्रीच्या गाडीने उभ्याने प्रवास करून गेलेली माणसे परत येताना पिशवीत पुस्तके घेऊन येतात, हे दृश्य ज्याने पाहिले आहे, तो 'खेड्यात वाचनसंस्कृती उरली नाही' या वाक्यावर मान डोलावणार नाही.

वाचन प्रेरणा दिन त्याच सुमारास येतो. डॉ. कलामांचे चरित्र प्रत्येक शाळेत सांगून झालेले असते, म्हणून आम्ही त्या दिवशी दादाजी खोब्रागडे यांच्याविषयी बोलतो. ते आमच्याच नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे. शाळा तिसरीपर्यंत झालेली, जमीन थोडकी. आपल्या बांधीतल्या धानात वेगळ्या दिसलेल्या ओंब्या त्यांनी बाजूला काढल्या, त्यांचे बी पुन्हा पुन्हा पेरून पाहिले, निवडले, आणि त्यातून बारीक तांदळाचे जे वाण निघाले, त्याला त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून एचएमटी हे नाव पडले. ते वाण पुढे अनेक राज्यांत पोहोचले. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना राष्ट्रपती असलेल्या डॉ. कलामांच्याच हस्ते मिळाला. २०१८ च्या जूनमध्ये ते वारले. शेतीविषयक पुस्तकांच्या कपाटावर त्यांचे छायाचित्र आहे आणि त्याखाली एका वाचकाने आणून ठेवलेली धानाची लोंबी, जी उंदीर दर वर्षी खातात आणि तो वाचक दर वर्षी बदलतो.

दिवाळी आली की पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत दिवाळी अंकांसाठी रांगा लागतात, असे आम्ही वर्तमानपत्रांत वाचतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून फराळ आणि अंक यांची सांगड मराठी घरांत बसलेली आहे, ती आमच्याकडे मात्र बसत नाही. कारण दिवाळीत आमच्याकडे हलके, म्हणजे लवकर येणारे धान कापून पडलेले असते, भारी, म्हणजे उशिराचे धान कापणीला आलेले असते आणि आकाशात ढग दिसला तरी जिवाचे पाणी होते. त्यातच भाऊबीज झाली की मंडया सुरू होतात. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, गावाची जत्रा. शेजारपाजारची गावे आपापला दिवस धरतात, दिवसा दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्याचे प्रकार होतात, आलुबोंड्यांच्या कढया चढतात, लेकीबाळी माहेरी येतात आणि रात्री नाटक होते. या दिवसांत दिवाळी अंक कपाटात तसेच पडून राहतात. त्यांना प्लास्टिकचे वेष्टन घालून, अनुक्रमांक टाकून ताई ते तयार ठेवतात, आणि खरी मागणी येते ती धान विकून पैसे हाती आल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत. शेवटचा अंक मे महिन्यात परत येतो. एका वितरकाने आम्हाला 'अंक शिळे झाल्यावर काय वाचता' असे विचारले होते. भविष्याचे पान सोडले तर दिवाळी अंकात शिळे होण्यासारखे काय असते, हे मला अजून कळलेले नाही.

झाडीपट्टीतील नाटकांविषयी बाहेर आता बरेच लिहिले जाते, आणि २०२३ साली या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यानंतर त्याकडे अधिक लक्ष गेले. वडसा हे नाटक कंपन्यांचे केंद्र. दिवाळीनंतर होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटके होतात, पडदा रात्री उशिरा उघडतो आणि पहाटे खाली येतो, बाजूला ऑर्गन आणि ढोलकी. पूर्वी दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, आणि रात्री नाटक अशी जोडी असे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पट बंद झाले तेव्हा नाटकांचे काय होणार अशी भीती होती, पण नाटके तगली, आणि २०२१ च्या डिसेंबरपासून पटही परत सुरू झाले.

या साऱ्याचा ग्रंथालयाशी काय संबंध, तर आमच्या संग्रहातील सर्वांत जीर्ण कपाट नाटकांचे आहे. दशांश वर्गीकरणात मराठी नाटकांचा क्रमांक ८९१.४६२ असा येतो. हा आकडा लिहिलेल्या चिठ्ठ्या पुस्तकांच्या पाठीवरून केव्हाच झिजून गेल्या आहेत, कारण ती पुस्तके कधी एकाच्या हातात राहिली नाहीत. वडशाच्या कंपन्यांचे लेखक आता आपापल्या संहिता लिहितात, परंतु गावातली हौशी मंडळे अजूनही जुने छापील नाटक शोधत येतात. पुस्तक एक आणि पात्रे नऊ, म्हणून पूर्वी प्रत्येकाचे संवाद वहीत उतरवून घेतले जात. अशी एक वही आमच्याकडे जपून ठेवलेली आहे: लाल रेघांच्या जमाखर्चाच्या वहीत, शाईने, फक्त एका पात्राची वाक्ये, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन शब्द, म्हणजे आपली पाळी केव्हा हे कळावे. समासात पेन्सिलीने 'इथे खोकणे', 'इथे टाळी येईल, थांबणे' असे लिहिलेले आहे. एका ठिकाणी टाळी येईल हे खोडून 'नाही आली' असेही लिहिलेले आहे. ही वही पाहायला नागपूरचे अभ्यासक येऊन गेले. त्यांनी छायाचित्रे घेतली, पण गावातली तरुण मुले ती वही हातात घेऊन जशी हसली, तसे ते हसले नाहीत.

तालमी पडवीत होतात. रात्री आठनंतर दिवा लावायची परवानगी असते आणि अभ्यासिकेतल्या मुलांची कुरकुर असते. ज्या रात्री गावात नाटक, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनकक्षात कोणीही नसते आणि वर्तमानपत्रांच्या घड्या दुपारपर्यंत मोडत नाहीत. दुपारी मात्र नाटकाला आलेले पाहुणे येतात. झाडीत नाटकाच्या निमित्ताने सोयरिकी जुळतात, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे मुलीकडचे आणि मुलाकडचे ज्येष्ठ आमच्या पडवीत एकमेकांसमोर वर्तमानपत्र धरून बसतात, मधूनच 'जमीन किती हाय जी?' असा प्रश्न पानाआडून येतो, आणि ग्रंथपाल ताई शांततेची पाटी असूनही काही बोलत नाहीत. सोयरिकीच्या गोष्टींसाठी एवढी तटस्थ जागा गावात दुसरी कोणती आहे?

आता वाघाविषयी. ब्रह्मपुरीचा वनविभाग कोणत्याही व्याघ्र प्रकल्पात येत नाही, तरीही इथे वाघ मोठ्या संख्येने आहेत आणि माणसांवरचे हल्ले ही वर्तमानपत्रातली दूरची बातमी राहिलेली नाही. ग्रंथालयाची जुनी वेळ सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ अशी होती. शेजारच्या खेड्यांतले वाचक, विशेषतः शाळकरी मुली, संध्याकाळी यायच्या आणि सायकलने परत जायच्या. जंगलातून जाणाऱ्या त्या रस्त्यांवर दिवस मावळल्यावर आता कोणी आपल्या मुलीला पाठवत नाही, आणि पाठवूही नये. म्हणून आम्ही हिवाळ्यात संध्याकाळचे सत्र दुपारी दोनपासून पाचपर्यंत ओढले. नियमाने ठरलेले तास भरले जातात, पण गावातला नोकरदार वाचक पाचनंतर येतो आणि त्याला कुलूप दिसते. दोघांचीही सोय होईल अशी वेळ आम्हाला अद्याप सापडलेली नाही. मार्चमध्ये मोहफुले वेचायला पहाटे जंगलात जाणाऱ्या आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडणाऱ्या माणसांना तर वेळेची निवडही नसते. त्या महिन्यांत वनविभागाच्या सूचनांचे फलक आम्ही दारातच लावतो आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवतो.

उन्हाळा हा आमचा सर्वांत मोठा हंगाम. हे ऐकून बाहेरची माणसे चकित होतात, कारण ब्रह्मपुरीचे नाव मे महिन्यात देशातील सर्वांत तापलेल्या ठिकाणांत झळकते आणि पारा ४६-४७ अंशांना टेकतो. परंतु त्याच कारणाने माणसे ग्रंथालयात येतात. आमच्याकडे दोन कुलर आहेत. होळी झाली की त्यांच्या तिन्ही बाजूंच्या जाळ्या उघडून जुन्या, क्षाराने कडक झालेल्या गवताच्या जागी नवे गवत भरले जाते, पंपाची नळी साफ होते, आणि पाणी भरण्याच्या पाळ्यांचा कागद फळ्यावर लागतो. ज्याची पाळी त्याने हातपंपावरून दहा बादल्या आणायच्या. नवतपा सुरू झाला, म्हणजे साधारण २५ मेपासूनचे नऊ दिवस, की पाळी दिवसातून दोनदा येते. दुपारी बारा ते चार या वेळेत रस्त्यावर चिटपाखरू नसते आणि आमच्या वाचनकक्षात बसायला जागा नसते: सुटीतली मुले, घरी वीज गेल्याने आलेले म्हातारे, बारशाला आलेले पाहुणे, आणि भरतीची तयारी करणारी तरुण मंडळी.

या तरुणांविषयी सविस्तर लिहिले पाहिजे. पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी, अशा परीक्षांच्या पुस्तकांसाठी आज आमच्या खरेदीचा मोठा भाग जातो. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते; त्यावरून या मुलांच्या खुर्च्या पहाटेपासून का धरल्या जातात, हे कळावे. ही मुले पहाटे गटाने मैदानावर धावतात, घरी जाऊन न्याहारी करतात आणि दिवसभर येथे बसतात. आमचे ग्रंथालय आज उघडे आहे ते बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे, हे मान्य केलेच पाहिजे. त्यांची नियमित वर्गणी येते, पाणी ते भरतात, छपरावर चढून कौले तेच सारखी करतात, आणि १४ एप्रिलला डॉ. आंबेडकर जयंतीनिमित्त सलग अठरा तास अभ्यासाचा जो उपक्रम होतो, तो पूर्णपणे त्यांचा असतो. सकाळी सहाला बसायचे आणि रात्री बाराला उठायचे. गावातल्या घरांतून वेळेवर चहा, पोहे आणि जेवण येते; ज्या घरातून मुलगा बसलेला नसतो, त्या घरातूनही येते.

परंतु त्यांच्यामुळे ग्रंथालय गप्प झाले, हेही खरे आहे. 'पेपर आला का जी?' असे दारातून मोठ्याने विचारत येणारे म्हातारे आता पडवीतच थबकतात. लहान मुलांचा वाचनतास आम्ही पूर्वी आतल्या खोलीत घेत असू. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे, जे १९७१ पासून निघते, जुने अंक सतरंजीवर पसरून मुले मोठ्याने वाचत, भांडत, हसत. तो तास आता कडुनिंबाखाली गेला आहे आणि उन्हाळ्यात तो सकाळी साडेसहालाच घ्यावा लागतो. परीक्षेची पुस्तके दोन वर्षांत जुनी होतात आणि रद्दीत जातात, तर त्याच पैशांत न घेतलेल्या कथा-कवितांची जागा कायमची रिकामी राहते. ही तक्रार मी सभेत मांडली तेव्हा एका मुलाने अत्यंत अदबीने सांगितले, 'काका, नोकरी लागली की मीच तुम्हाला कादंबऱ्या घेऊन देईन.' त्याला नोकरी लागली. त्याने कादंबऱ्या पाठवल्या नाहीत, भिंतीवरचे घड्याळ पाठवले, आणि ते बरोबर चालते.

पैशांबद्दल थोडक्यात. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर झाली, तिचे स्वागतच आहे. पण ती फार वर्षांच्या खंडानंतर झाली आणि दरम्यान महागाई थांबलेली नव्हती. २०१२ नंतर बराच काळ वर्गबदलाचे, म्हणजे वरच्या वर्गात जाण्याचे, दार बंद राहिल्याने वाढलेले वाचक आणि वाढलेले ग्रंथ घेऊनही आमच्यासारखी ग्रंथालये जेथे होती तेथेच राहिली. ग्रंथपाल ताईंना मिळणारे वेतन रोवणीच्या हंगामातील मजुरीशी ताडून पाहावे, असे नाही. त्याचा संकोच वाटतो.

येत्या हंगामापूर्वी एक निर्णय घ्यायचा आहे. पडवीच्या पूर्व टोकाला भिंत घालून अभ्यासिका वेगळी करावी, म्हणजे आतली खोली मुलांना, पोथी बदलायला येणाऱ्या बायांना आणि मोठ्याने वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना परत मिळेल, असा प्रस्ताव आहे. विटा एका सदस्याच्या भट्टीवरून येणार आहेत आणि गवंडीकाम अभ्यासिकेतलीच दोन मुले करणार आहेत, कारण त्यांच्या घरचा तो व्यवसाय आहे. अडचण एवढीच आहे की भिंत झाली तर नाटकाच्या तालमीला जागा उरत नाही. हौशी मंडळाच्या लोकांनी भिंतीऐवजी सरकते लाकडी दार सुचवले आहे, ते रात्री आठनंतर उघडता येईल. सुताराने त्याचा जो खर्च सांगितला तो विटांच्या तिप्पट आहे. धान विकून झाल्यावर, म्हणजे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सर्वसाधारण सभा बोलावलेली आहे.